सतरावं वाक्य

१२ एप्रिल, गुरुवार

मुलं तिला 'बाई' म्हणाली. आज तिसराच दिवस तिचा!

सगळी नाही, माझ्याच वर्गातली दोघं-तिघं. "मोमोसेबाई, हे पुस्तक घरी नेऊ?" मी दारातच उभी होते. ती हसली आणि म्हणाली, "बाई नको रे, ताई म्हणा. बाई त्या." आणि माझ्याकडे हात केला. म्हणजे वर नम्रपणाचं कौतुकही तिलाच. बाई व्हायला मी एकतीस वर्षं खडूची धूळ खाल्ली. ती तीन दिवसांत झाली, आणि नको म्हणून परत देऊन मोकळीही झाली.

अकरा वर्षं लायब्ररी माझ्याकडे आहे. त्यासाठी तीन उन्हाळे शहरात जाऊन वेगळी परीक्षा दिली. वर्ग सांभाळून जेवणाच्या सुट्टीत ती मी उघडायची, मीच बंद करायची, फाटकी पुस्तकं घरी आणून डिंकानं चिकटवायची. आता गावानं खास ग्रंथपाल नेमलीय. सोमवार, बुधवार, गुरुवार इथे, उरलेले दोन दिवस बोगद्यापलीकडच्या शाळेत. नेमणूक एका वर्षाची, दर मार्चला नवा हुकूम. कागदावर लायब्ररीची प्रमुख अजून मीच आहे. पण किल्ली तिच्या गळ्यात.

हे म्हणाले, "बरं झालं की, तुझा भार हलका झाला." यांना काही कळत नाही.

२३ एप्रिल, सोमवार

तिनं माझं झाड उतरवलं.

भिंतीवरचं कागदी झाड. एक पुस्तक वाचलं की एक हिरवं पान, त्यावर मुलाचं नाव. मार्चमध्ये ज्याची पानं जास्त त्याला सगळ्या शाळेसमोर प्रशस्तिपत्र. अकरा वर्षं चाललेली गोष्ट. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत माझ्या टेबलाशी वाकून म्हणाली, "हिगाकीबाई, झाड थोडे दिवस काढून ठेवलं तर चालेल का? काही मुलं पानासाठी पातळ पातळ पुस्तकं शोधत बसतात."

मी म्हटलं, चालेल. सगळ्यांसमोर दुसरं काय म्हणणार? संध्याकाळी जाऊन बघते तर झाड गुंडाळून, दोरीनं बांधून, वर चिठ्ठी लावून कपाटात. एकही पान चुरगळलेलं नाही. कामात इतकी नेटकी की रागवायलाही जागा ठेवत नाही.

झाडाच्या जागी काय? एक सुका ऑक्टोपस टांगलाय. मामाकडून आणला म्हणे. खाली ऑक्टोपसची पुस्तकं. या गावातली मुलं, बापाच्या होडीत ऑक्टोपस पकडायच्या मडक्यांवर बसून मोठी झालेली, आणि रांग लावून त्याचा वास घेताहेत! दुपारी फळी रिकामी. सगळी पुस्तकं घरी गेली होती.

झाडाला कधी रांग लागली नव्हती. हे लिहिलं, पण कुणाला सांगणार नाही.

१३ जून, बुधवार

आज शिक्षण खात्याचे दोन पाहुणे माझा वाचनाचा तास बघायला आले. खूश होऊन गेले.

माझी पद्धत साधी आहे. हजेरीच्या क्रमानं, एकानं एक वाक्य. पूर्णविराम आला की पुढचा उठतो. मी नाव घेत नाही, बोट दाखवत नाही. चोवीस मुलं, चोवीस वाक्यं, मग पुन्हा एक नंबरपासून. कुणी गैरहजर असलं तर त्याचं वाक्य मी वाचते, म्हणजे कुणाचा क्रम हलत नाही. प्रत्येकाला आधीच माहीत असतं आपलं कुठलं. पाहुणे म्हणाले, घड्याळासारखं चालतं.

एकदाच अडलं. सतरा नंबर, नात्सुहो. वाक्याची सुरुवात 'क'नं होती. क— क— ओठ थरथरायला लागले, मान वाकडी झाली. तिसरीपासून तिला हा त्रास आहे, फायलीत नोंद आहे. मोठी झाली की जाईल. वर्ग चिडीचूप, पाहुणे बघताहेत. मी अगदी हळू आवाजात म्हटलं, "पुढे." अठरा नंबर उठला आणि गाडी चालू झाली. नात्सुहो खाली बसली. पोरीची सुटका झाली.

मुलाची फजिती होऊ न देणं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते वर्षांनीच येतं. जमेल का ताईला?

११ जुलै, बुधवार

नात्सुहो वाचनाचं पुस्तक विसरली. या महिन्यात चौथ्यांदा. मी तिच्या बाकाच्या कप्प्यात हात घातला तर पुस्तक तिथेच! "अगं, हे काय मग?" म्हटलं. मान खाली. रागावले नाही. पुढे, म्हटलं.

३ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी संपली. नात्सुहो आली नाही. आईचा फोन: पोटात दुखतंय.

२० सप्टेंबर, गुरुवार

अजून नाही. सतरा नंबरचं वाक्य सुट्टी संपल्यापासून मीच वाचतेय.

कारण उघड आहे. बाप उन्हाळ्यात ओसाकाला निघून गेला तो गेलाच. आई मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात, पहाटे चारला घर सोडते. पोर एकटी. अशा घरात कुणाला शाळा सुचेल?

दर गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तिचे अभ्यासाचे कागद घेऊन टेकडीवर जाते. एकशे बारा पायऱ्या, माझे गुडघे. आज कागदी दारामागे तिची सावली होती, गुडघ्यांत डोकं घातलेली. मी बाहेर बसून चाळीस मिनिटं बोलले: वर्गात काय चाललंय, कोण पडलं, कुणाचा दात पडला. आतून हूं की चूं नाही. निघताना म्हटलं, "नात्सुहो, बाई वाट बघताहेत हं."

मी शाळेतून निघाले तेव्हा मोमोसेनं कागदांच्या पाकिटात एक पुस्तक सरकवलं होतं. "जड नाहीये बाई. नेलं तर नेलं." ऑक्टोपसचंच. नेलं.

१५ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी मुख्याध्यापक कुरामोची माझ्या टेबलाशी आले, चेहरा फुललेला. "हिगाकीबाई, आनंदाची बातमी! नात्सुहो शाळेत आली."

मी खुर्चीतून उठलेच. वर्गाकडे निघाले.

"नाही नाही," ते म्हणाले, "लायब्ररीत."

मागच्या दारानं आली. चपला शिक्षकांच्या कप्प्यात ठेवल्या. मोमोसे असेल त्या तीन दिवशी येणार, लायब्ररीतच बसणार, दुपारी घरी. कसं झालं विचारलं तर मोमोसे म्हणते, नात्सुहोनं पुस्तकात चिठ्ठी घालून परत पाठवलं: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे तुम्हाला माहीत होतं का? मोमोसेनं उत्तर पाठवलं. असं चार आठवडे चाललं होतं.

कुणाच्या हातून पाठवलं? माझ्या! एकशे बारा पायऱ्या मी चढायच्या, पत्रं या दोघींची. मी टपालवाली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुसरीकडे कुठे कबूल करणार, इथेच करते. पोटात दुखलं. मी चाळीस चाळीस मिनिटं बोलले तेव्हा हूं नाही, आणि हिच्या एका ऑक्टोपसावर पोर धावत आली.

२४ ऑक्टोबर, बुधवार

काहीतरी निमित्त काढून लायब्ररीत गेले. दाराबाहेरच ऐकू आलं, नात्सुहो बोलत होती. अडखळत, पण बोलत होती, बराच वेळ, आणि मध्येच हसलीसुद्धा. वर्षभरात मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मी दार सरकवलं. आवाज बंद. पोर कपाटाआड.

मोमोसे उठून माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "बाई, अजून थोडं थांबूया का?"

थांबूया! मी काय वाघ आहे?

मी विचारलं, काय वाचते ती? तर म्हणे, "ते मला नाही सांगता येणार. कोण काय वाचतं ते लायब्ररीबाहेर जात नाही."

"मी तिची बाई आहे."

"हो बाई. तिलाच सांगायचंय तुम्हाला. मी आधी सांगितलं तर तिचं काढून घेतल्यासारखं होईल."

वय एकोणतीस. मला शिकवते! अकरा वर्षं मी दर महिन्याला सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवत आले, कुणी कुठली पुस्तकं नेली ते. कुणाचं काय बिघडलं?

हे म्हणाले, "सोड की. पोर शाळेत येतेय ना?" येतेय. माझ्याकडे नाही येत.

१२ नोव्हेंबर, सोमवार

हे एक नवीनच. आता दर सोमवारी चहाच्या वेळी ती माझ्या टेबलाशी हजर. "बाई, या आठवड्यात वाचनाला कुठला धडा? पहिल्यांदा कुठल्या दिवशी वाचणार?" धडे ज्या गोष्टींच्या पुस्तकांतून घेतलेत ती लायब्ररीत आहेत, शब्द न् शब्द तोच, म्हणून ती काढून ठेवायची आहेत म्हणे. छोट्या वहीत लिहून घेते. 'कोळ्याची पाटी', गुरुवार, पहिला तास. लिहिलं, दोनदा आभार मानले.

आधी माझी लायब्ररी. मग माझी नात्सुहो. आता धडेही.

२१ नोव्हेंबर, बुधवार

दाराच्या काचेतून बघितलं. (हो, चोरून. प्रमुख मी आहे.) दोघी समोरासमोर. नात्सुहोपुढे पुस्तक उघडं, ओठ हलताहेत. मोमोसे काही बोलत नाही, नुसती मान डोलावते, बोटानं टेबलावर हळू ताल धरते.

शिकवणी चाललीये! माझा धडा, माझी मुलगी.

सरळ मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, ग्रंथपालानं शिकवायचं नसतं, नियम आहे. ते कान खाजवत म्हणाले, "ती शिकवत नाही हो. नुसती ऐकत बसते."

"मग त्यात एवढं काय आहे? ऐकायला कुणालाही येतं."

"तेच तर," म्हणाले, आणि फोन आला म्हणून वळले. त्या 'तेच तर'चा अर्थ मी दिवसभर लावत बसले.

संध्याकाळी यांनी खेकडे आणले, मोसमातले पहिले, मादी, पोटात अंडी. मी नांग्या फोडत होते. हे म्हणाले, "तो मेलाय गं. कुणाचा राग काढतेस त्याच्यावर?"

३ डिसेंबर, सोमवार

पालकांची भेट. नात्सुहोची आई कामावरूनच आली, केसांना माशांचा वास, हात पांढरेफटक. खुर्चीच्या कडेवर बसली.

"घरी सारखं मोमोसेताई, मोमोसेताई. काल जेवताना तीन वाक्यं सलग बोलली, बाई! मी घास हातात धरून ऐकत राहिले." मग तिला आठवलं आपण कुणासमोर बसलोय. "तुमचेही फार उपकार. एवढ्या पायऱ्या चढून येता."

'ही'! तुमचे'ही'!

उठताना म्हणाली, "तुमच्याबद्दल विचारते हं ती. बाई अजून माझं वाक्य वाचतात का, म्हणून."

मी म्हटलं, "वाचते की. क्रम मोडत नाही मी."

"तेच सांगते मग तिला," म्हणाली आणि पाच-सहा वेळा वाकून गेली.

गेल्यावर मला त्या 'ही'चाच राग येत राहिला.

२१ जानेवारी, सोमवार

गुडघाभर बर्फ. मुलं भिजून आली, शेगडीभोवती मोज्यांची तोरणं.

सकाळच्या बैठकीत कुरामोचींनी जाहीर केलं: मार्चमध्ये जिल्ह्याच्या सभेत आपल्या शाळेबद्दल मोमोसे बोलणार. 'वर्गाबाहेरच्या मुलांसाठी लायब्ररी.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. जिल्ह्याच्या सभेत बोलायला मला एकतीस वर्षांत कुणी बोलावलं नाही. मोमोसे लाजून लाल झाली आणि म्हणाली, "हिगाकीबाईंनी पुस्तकं पोचवली नसती तर काहीच झालं नसतं." झालं. जिल्हाभर टपालवाली म्हणून नाव होणार.

चहाच्या वेळी आली. छोटी वही. "बाई, या आठवड्यात?"

मी म्हटलं, "'धुक्यातली घंटा'. गुरुवारी, पहिला तास."

खोटं. गुरुवारी 'दोन होड्या' आहे. 'धुक्यातली घंटा' पुस्तकाच्या शेवटी जादा वाचनात आहे. मी ती कुठल्याच वर्षी घेत नाही. का सांगितलं? मांडू दे चुकीची पुस्तकं. एकदा तरी तिचं काहीतरी चुकू दे, एवढंच. तिनं लिहून घेतलं. नेहमीपेक्षा जरा जास्त खूश दिसली. "या गुरुवारी नक्की ना, बाई?" दोनदा विचारलं. नक्की, म्हटलं.

दुपारपर्यंत छान वाटत होतं. मग विसरले.

२४ जानेवारी, गुरुवार

नात्सुहो वर्गात आली!

पहिला तास. दार सरकलं. निळा स्वेटर, तोंड पांढरं, छातीशी कुठलंसं पुस्तक घट्ट धरलेलं. मागे मोमोसे, पण उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. तेवीस डोकी वळली. मी म्हटलं, "ये नात्सुहो, जागा तयार आहे." बरं वाटलं, खरं सांगते. पाच महिन्यांनी! ती बसली. मोमोसेनं दार लावून घेतलं.

मी काही वेगळं केलं नाही. अशा वेळी नेहमीसारखंच वागायचं. म्हटलं, "पुस्तकं काढा. 'दोन होड्या'." एक नंबर उठला.

नात्सुहोनं आपलं पुस्तक उघडलं. मग शेजारच्याचं पान बघितलं. पुन्हा आपलं. पानं पुढे उलटली, मागे उलटली. सात, आठ, नऊ. तिची मान वाकडी व्हायला लागली. अकराव्या वाक्याला उठली. तेराव्याला दाराबाहेर.

मी काय करणार? मुलं वाचत होती. सोळा नंबरनं वाचलं. सतरावं मी वाचलं.

जेवणाच्या सुट्टीत मोमोसे आली. ओठ कोरडे. "बाई, धडा बदलला का?"

"हो, बदलला."

मला वाटलं आता काही बोलेल. नुसती वाकली आणि गेली.

पुस्तकं मांडायची होती ती मोमोसेनं. त्याचा नात्सुहोशी काय संबंध? पोरीची तयारी नव्हती, हिनं घाई केली. एवढंच आहे ते.

२८ जानेवारी, सोमवार

नात्सुहो लायब्ररीतही आली नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आली नाही. टेकडीवर गेले. आज दारामागे सावलीही नव्हती. दिवा बंद. मी दहा मिनिटं बोलले आणि उतरले. पायऱ्यांवर बर्फ होतं, कठड्याला धरून यावं लागलं.

मोमोसे आता सोमवारी धडा विचारायला येत नाही. हवं होतं तेच झालं, तरी चहाच्या वेळी मी दाराकडे बघते.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

मोमोसेच्या पुढच्या वर्षाबद्दल मुख्याध्यापकांनी माझं लेखी मत मागितलं. लायब्ररीची प्रमुख म्हणून. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या पदाला काही अर्थ आला.

लिहिलं: कामसू आहे, नेटकी आहे. मात्र विद्यार्थिनीला पुरेशी तयारी नसताना वर्गात पाठवलं, त्यामुळे झालेली प्रगती वाया गेली. आपल्या कामाची मर्यादा ओलांडून शिकवलं. वर्गशिक्षिकेला विश्वासात घेतलं नाही.

तीनदा वाचलं. खोटं एकही वाक्य नाही.

मग त्यांनी तिला बोलावलं. मी समोरच होते. विचारलं, तीन महिने तुम्ही दोघी रोज काय करत होतात? एवढं सांगा, म्हणजे मला वर काहीतरी लिहिता येईल. ती म्हणाली, "ते नात्सुहोचं आहे. तिनं सांगितल्याशिवाय मला नाही सांगता येणार." कुरामोची म्हणाले, "अहो, तुमच्याच भल्यासाठी विचारतोय." ती म्हणाली, "कळतंय मला, सर." आणि एकदाच माझ्याकडे बघितलं. धडा मी चुकीचा सांगितला हे तिला ठाऊक होतं. तेही ती बोलली नाही.

का नाही बोलली? बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

११ मार्च, सोमवार

हुकूम आला. मोमोसेची नेमणूक पुढे नाही. जिल्ह्याच्या सभेतलं भाषणही रद्द.

माझ्या वर्गातल्या मुलांनी तिच्यासाठी मोठ्या पुठ्ठ्यावर निरोप लिहिले. मधोमध ऑक्टोपस, आठ पायांवर सगळ्यांची नावं. माझ्यासमोर धरलं, "बाई, तुम्हीपण लिहा." मी लिहिलं, 'आभार. हिगाकी.' एका मुलीनं वाचलं आणि म्हणाली, "एवढंच?"

२२ मार्च, शुक्रवार

वर्ष संपलं. मोमोसे आज तिचा वार नसूनही आली आणि तिनं किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली गरम होती, दिवसभर गळ्यात असल्यामुळे.

"झाड कपाटात वरच्या फळीवर आहे, बाई. नात्सुहोकडे काही पुस्तकं राहिलीत. आई आणून टाकील तेव्हा टाकील, मागू नका, एवढीच विनंती आहे."

राग नाही, टोमणा नाही. मी म्हटलं, बरं. ती जिना उतरेपर्यंत मी दारात उभी होते.

२५ मार्च, सोमवार

झाड लावलं. छान दिसतंय. सुका ऑक्टोपस काढला, टाकवेना, खणात ठेवला.

लायब्ररी पुन्हा माझी झाली. सुट्टी आहे, त्यामुळे कुणी बघायला नव्हतं.

२८ मार्च, गुरुवार

नात्सुहोच्या आईनं पुस्तकं परतीच्या पेटीत टाकली. पाच. प्रत्येकात एकाच वाक्याशी एक कागदी पट्टी, पट्टीवर ते वाक्य नात्सुहोच्या अक्षरात, मध्ये मध्ये श्वास घ्यायच्या जागी ठिपके.

पहिली चार वाक्यं मी ओळखली. 'कोळ्याची पाटी'तलं आणि नंतरच्या तीन धड्यांतलं. चारही मीच वाचलीत, वर्गात, तिच्या जागी.

पाचवं पुस्तक 'धुक्यातली घंटा'. ते वाक्य मला ओळखीचं नव्हतं. पहिल्या ओळीपासून बोट ठेवून पूर्णविराम मोजले. सतरावं. सुरुवात 'क'नं.

ही पट्टी सगळ्यांत मळलेली, चार वेळा दुमडलेली. वाक्याखाली त्याच अक्षरात, बारीक, लिहिलंय: घाई नाही. श्वास घे. बाई थांबतील.